गोळीची बातमी आणि गरब्याचा आवाज

“मी स्पष्ट बोलतो,” असे म्हणून अविनाशने सुरुवात केली, की पुढचे वाक्य त्याने सकाळीच मोबाइलवर वाचलेले असते, हे ठाण्यातल्या तलावपाळीच्या आमच्या कट्ट्यावर सगळ्यांना ठाऊक आहे. नवरात्रातल्या त्या शनिवारी ते वाक्य गोळीचे होते. “अमेरिकेसारख्या एवढ्या मोठ्या देशाचा राष्ट्राध्यक्ष टीव्हीसमोर येऊन सांगतो, की गरोदरपणात पॅरासिटामॉल घेतल्याने मुलांना ऑटिझम होतो, म्हणजे त्यात काहीतरी तथ्य असणारच. उगीच कोणी बोलत नाही.”

सुहास त्याच्या शेजारीच बसला होता. सुहासचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, त्याला ऑटिझम म्हणजे स्वमग्नता आहे, तो बोलत नाही, आणि अविनाश त्यांच्याच सोसायटीत दोन मजले खाली राहतो. अविनाश मनाचा वाईट नाही. अडीअडचणीला रात्री-अपरात्री गाडी काढणारा तोच असतो. पण तोंड उघडण्याआधी शेजारी कोण बसले आहे हे तो पाहत नाही, आणि त्या दिवशी मला त्याचा खरोखर राग आला.

उत्तर रेवाने दिले. तिचे नौपाड्यात औषधांचे दुकान आहे आणि ती स्वतः ऑटिस्टिक आहे, तेव्हा या विषयावर बोलण्याचा अधिकार कट्ट्यावर तिच्याइतका कोणाचाच नव्हता. “स्वीडनमध्ये १९९५ ते २०१९ या काळात जन्मलेल्या जवळजवळ २५ लाख मुलांच्या नोंदी तपासून केलेला अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला आहे,” ती म्हणाली. “सरसकट पाहिलं, तर गोळी घेतलेल्या आयांच्या मुलांत ऑटिझमचं प्रमाण किंचित जास्त दिसतं. पण एकाच आईची दोन मुलं घेतली, एकाच्या वेळी तिने गोळी घेतली होती आणि दुसऱ्याच्या वेळी नव्हती, तर तो फरक उरत नाही. उलट गरोदर बाईने ताप अंगावर काढला, तर पोटातल्या बाळाला धोका असतो. परवा एक सासूबाई सुनेची चिठ्ठी घेऊन दुकानात आल्या आणि ‘यातली तापाची गोळी सोडून बाकीचं द्या’ म्हणाल्या. सुनेला एकशे दोन ताप होता. मी डॉक्टरांना फोन लावून दिला, तेव्हा कुठे त्या गोळी घेऊन गेल्या. तू सकाळी जे वाचतोस ना अव्या, ते संध्याकाळी माझ्या काउंटरवर येतं.”

अविनाश काही बोलणार तोच सुहासने इतका वेळ मनात धरून ठेवलेली गोष्ट सांगितली. बातमी आली त्या रात्री त्याच्या बायकोने माळ्यावरून २००९ सालची फाइल खाली काढली होती. सोनोग्राफीचे पिवळे पडलेले कागद, लोहाच्या गोळ्यांच्या चिठ्ठ्या, आणि त्यांतच सातव्या महिन्यातली ती चिठ्ठी, जिच्यावर पॅरासिटामॉल दिवसातून तीन वेळा असे लिहिलेले होते. ती चिठ्ठी हातात धरून ती पहाटेपर्यंत स्वयंपाकघरात बसून होती. “सोळा वर्षांत माझ्या आईने तिला जेवढं ऐकवलं नव्हतं, तेवढं तिने त्या एका रात्रीत स्वतःला ऐकवलं,” सुहास म्हणाला.

ज्या प्रकाराने मला सर्वाधिक संताप येतो तो हाच. मनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांची निरीक्षणे लिहून ही अवस्था जगापुढे मांडली, आणि तेव्हापासून कारण शोधणाऱ्यांचे बोट फिरून फिरून आईकडे वळत राहिले आहे. आधी ती फ्रिजसारखी थंड, मायेचा ओलावा नसलेली बाई ठरली, आणि मुलांच्या मनाचे तज्ज्ञ म्हणवणाऱ्या ब्रूनो बेटेलहाइम यांच्यासारख्यांनी ते इतक्या अधिकाराने मांडले, की एका अख्ख्या पिढीतल्या आयांनी ते खरे मानले. मग १९९८ साली अँड्र्यू वेकफिल्ड या ब्रिटिश डॉक्टरांनी बारा मुलांवरून गोवराच्या लशीचा धागा जोडला. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने तो निबंध २०१० साली मागे घेतला, त्यांची वैद्यकीची नोंदणीही त्याच वर्षी रद्द झाली, पण तोवर असंख्य आयांना आपण मुलाला दवाखान्यात नेले हाच आपला गुन्हा वाटू लागला होता. आता गोळी. दरवेळी वस्तू बदलते, आणि ती घेणारी, देणारी किंवा टोचून घ्यायला नेणारी म्हणून उभी केली जाते ती बाईच. बापाला कोणी जुनी फाइल काढायला लावत नाही.

सुहासच्या बायकोने त्या रात्री रेवाला फोन केला होता. रेवा फोन घेत नाही, हे आम्हां सगळ्यांना माहीत आहे. समोरच्याचा चेहरा नाही, शब्द लिहिलेले नाहीत, आणि कधी बोलायचे, कधी थांबायचे याचा अंदाज येत नाही, म्हणून तिला जे सांगायचे ते आम्ही लिहूनच कळवतो. त्या रात्री तिने फोन घेतला आणि तो अभ्यास समोर ठेवून एकेक परिच्छेद मराठीत सांगत बसली. दुसऱ्या दिवशी दुकान उघडायला तिला दुपार झाली. हे रेवाने सांगितले नाही, सुहासने सांगितले.

अविनाशला वाईट वाटले होते, ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होते. पण वाद सोडून देणे त्याच्या स्वभावात नाही. त्याने दुसरे टोक धरले. “बरं, गोळी नसेल. मग आकडे का वाढले ते सांग. २००० साली अमेरिकेत १५० मुलांत एक होतं, आता ३१ मुलांत एक म्हणतात. आपल्या वेळी वर्गात असं कोणी होतं का?”

“मी होते,” रेवा म्हणाली. “तिसऱ्या बाकावर. तुझ्या पुढेच.”

यावर अविनाशला उत्तर सुचले नाही. मीनलने, जी वकील आहे आणि त्याच वर्गात होती, आठवण करून दिली, की मधल्या सुट्टीत रेवा भूगोलाच्या खोलीत नकाशांच्या मागे बसायची, आणि बाई तिला ‘घुमी’ म्हणत. रेवाला निदान मिळाले ते अडतिसाव्या वर्षी. मुली पाहून पाहून वागायला शिकतात, हसायच्या जागी हसतात, म्हणून वर्षानुवर्षे कोणाच्या लक्षात येत नाही. आणि २०१३ पर्यंत तर अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या नियमपुस्तिकेप्रमाणे एकाच माणसाला ऑटिझम आणि एडीएचडी (लक्ष न टिकणे, अतिचंचलता) अशी दोन्ही निदाने देता येत नव्हती. त्या वर्षी ही आडकाठी गेली, त्याच्या आधीपासून व्याख्या रुंदावत आणि तपासण्या वाढत होत्या, आणि आकड्यांतली बरीचशी वाढ तिथून आली. माणसे होतीच. त्यांना विक्षिप्त, हट्टी, माणूसघाणी अशी नावे होती.

“पण तसं पाहिलं तर थोडंफार सगळ्यांनाच असतं,” अविनाश म्हणाला. “मलाही गर्दी आवडत नाही.”

“साखरही सगळ्यांच्याच रक्तात असते,” रेवा शांतपणे म्हणाली. “तरी दर महिन्याला मेटफॉर्मिन न्यायला माझ्या दुकानात तूच येतोस, सुहास येत नाही.”

सगळ्यांत मोठ्याने अविनाशच हसला, आणि हसता हसता त्याने जुने दुखणे बाहेर काढले. त्याच्या वास्तुशांतीला रेवा आली होती आणि न जेवता दहा मिनिटांत निघून गेली होती, ते त्याने आजवर मनात ठेवले आहे. त्याच्या आईने पुरणाचे ताट वाढून ठेवले होते. रेवाने कारण तेव्हाही सांगितले होते, आताही सांगितले: दिवाणखान्यात स्पीकर होता, दोन ट्यूबलाइट फडफडत होत्या, आणि तीस-चाळीस माणसे एकदम बोलत होती. “आणि जाताना तू काय म्हणालीस ते सांग की!” अविनाश म्हणाला. ती म्हणाली होती, की स्वयंपाकघरात उजेड येत नाही आणि न्हाणीघराचे दार उघडले, की बेसिनवर आपटते. बाकी आम्ही सगळ्यांनी घर सुरेख झाले म्हणून सांगितले होते. दार महिन्याभरातच उलट बाजूने बसवून घ्यावे लागले, हे मीनलने सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने सांगितले.

सुहास मात्र हसत नव्हता. “रेवा, तुझ्यावर माझा राग नाही,” तो म्हणाला, “पण एक गोष्ट मला बोलायचीच आहे. तुझं दुकान आहे, तू हिशोब ठेवतेस, चार लोकांत आपली बाजू मांडतेस. माझ्या पोराला बनियन उलटं घातलंय की सुलटं, ते कळत नाही. तुम्हां दोघांना एकच शब्द लावला, की लोक तुझ्याकडे बघतात आणि म्हणतात, यात एवढं रडण्यासारखं काय आहे? हा वेगळेपणा आहे, आजार नाही, असं तुमची माणसं लिहितात. मी आणि माझी बायको गेल्यावर त्याला जेवू कोण घालणार, याचं उत्तर त्या लिहिण्यात मला सापडत नाही.”

हा प्रश्न कट्ट्यावर पहिल्यांदा आला असला, तरी जगात जुना आहे. जिम सिंक्लेअर या ऑटिस्टिक माणसाने १९९३ साली पालकांना सांगितले होते, की तुमचे दुःख तुमच्या मनातल्या न जन्मलेल्या मुलाचे आहे, समोर जिवंत असलेल्या मुलासाठी शोक करू नका. आणि तेव्हापासून काही पालकांना ते वाक्य आधाराचे वाटत आले आहे, तर काहींना जखमेवर मीठ. मला दोन्ही बाजू समजतात, पण रेवाने त्या दिवशी जे उत्तर दिले ते मला अधिक पटले, कारण तिने सुहासचे म्हणणे खोडून काढण्याचा प्रयत्नच केला नाही.

ती बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, “त्याला आयुष्यभर माणूस लागेल, आणि मला लागणार नाही. हा फरक मोठा आहे आणि तो मी कधीही लहान करणार नाही. पण तो दुकानात येतो, तेव्हा काय होतं ते तू पाहिलेलं नाहीस. काउंटरवर गर्दी झाली, की तो मागच्या खोलीत खोक्यांच्या मध्ये जाऊन बसतो आणि रिकाम्या खोक्यावरची चिकटपट्टी नखाने सोलत राहतो. सारखी, एकाच लयीत. दुकान बंद केलं, की मीही अर्धं शटर ओढून त्याच खोलीत बसते, कारण दिवसभर लोकांकडे बघून हसल्यावर माझ्या तोंडून शब्द निघत नाही. तोंड उघडतं, आवाज येत नाही. तुम्ही मला कट्ट्यावर पाहता, तेव्हा मी दुपारभर झोपून आलेली असते. त्याला झाकता येत नाही, मला येतं, आणि झाकण्याची किंमत मी घरी जाऊन मोजते. तो कान झाकतो, तेव्हा लोक त्याला वेडा म्हणतात. मी दात आवळून उभी राहते, तेव्हा मला तुसडी म्हणतात. आवाज दोघांनाही तेवढाच लागतो.”

मग ती इंग्लंडमधल्या डेमियन मिल्टन यांच्याविषयी बोलली. ते स्वतः ऑटिस्टिक आहेत आणि त्यांनी २०१२ साली मांडले, की ऑटिस्टिक माणसाला इतरांचे मन कळत नाही हे अर्धेच सत्य आहे. इतरांनाही ऑटिस्टिक माणसाचे मन तितकेच कळत नाही, फक्त दोष एकाच्याच माथी मारला जातो. सुहासने विचारले, की मग माझ्या पोराला आत्ता, या घटकेला, काय हवे असेल असे तुला वाटते. रेवाने क्षणाचाही विलंब न लावता सांगितले, “गरबा बंद.”

नवरात्रात सोसायटीच्या आवारात रोज रात्री गरबा होतो. स्पीकरची भिंत सुहासच्या इमारतीकडे तोंड करून उभी असते, मुलगा पलंगाखाली जाऊन डोके आपटतो, आणि सांस्कृतिक समितीचा अध्यक्ष अविनाश आहे. सुहासने ही गोष्ट त्याच्यापाशी कधी काढली नव्हती, कारण शेजारच्या माणसाशी वाकडे नको असे त्याला वाटत होते. ते ऐकून अविनाशचा चेहरा एकदम उतरला. “अरे, मला सांगायचं नाही का? दोन मजले खाली राहतो मी!”

मीनलने इथे वकिली सुरू केली. निवासी भागात रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे. दहानंतर ध्वनिक्षेपक लावायला मनाई आहे. सरकार सणासुदीला बारापर्यंतची सूट देते ती वर्षातले फार तर पंधरा दिवस, आणि सूट वेळेची असते, आवाजाची नसते. शिवाय याच ठाण्यातले डॉक्टर महेश बेडेकर जनहित याचिका घेऊन मुंबई उच्च न्यायालयात गेले होते आणि २०१६ साली त्यांच्या बाजूने निकाल लागला होता, तेव्हा ठाणेकरांना तरी हा कायदा नव्याने सांगावा लागू नये, असे तिचे म्हणणे पडले. मग तिने सुहासकडे वळून त्याच्या खऱ्या काळजीला हात घातला: मुलगा अठराचा झाला, की १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे कायदेशीर पालकत्वाचा अर्ज करता येतो, तो पालकांपैकीच कोणी करावा असे नाही, आणि त्याची कागदपत्रे आत्तापासूनच ती स्वतः तयार करून देईल. सुहासने मान हलवली. त्याचा आवाज लागत नव्हता.

“तो कायदा राहू दे बाजूला, मी स्पीकर फिरवतो,” अविनाश म्हणाला. “उद्यापासून.”

“किती वाजता, आणि कोणत्या दिशेला?” रेवाने विचारले, आणि पिशवीतून दुकानाचे बिलबुक काढून एका कोऱ्या बिलाच्या मागे लिहायला घेतले: स्पीकरचे तोंड मैदानाच्या भिंतीकडे, दहाच्या ठोक्याला बंद, अष्टमीलासुद्धा. मग तिने पेन अविनाशपुढे धरले. तो म्हणाला, की मित्रांत सह्या घेतात का कुठे. मीनल म्हणाली, की तिची फी या अविनाशकडून माथेरानच्या सहलीपासून येणे आहे, तेव्हा सही झालीच पाहिजे आणि साक्षीदार ती राहील. अविनाशने सही केली, पण खाली स्वतःच्या हाताने एक अट घातली, की रेवाने दसऱ्याला त्याच्या घरी पूर्ण ताट जेवले पाहिजे.

“ट्यूबलाइट बदलल्यास का?” रेवाने विचारले.

“बदलल्या.”

“स्वयंपाकघरातला उजेड?”

“तो बिल्डरला विचार!” अविनाश ओरडला, आणि सुहाससकट सगळे इतके हसत सुटले, की देवीच्या रांगेकडे निघालेली दोन माणसे थांबून आमच्याकडे पाहू लागली.