मेणवलीचा घाट कुणाच्या बापाचा नाहीये

रविवारी आईला घेऊन मेणवलीला गेलो होतो, तेव्हापासून डोकं फिरलंय नुसतं, चार दिवस झाले तरी राग उतरत नाहीये म्हणून इथे लिहून टाकतोय.

आई बाहत्तर वर्षांची आहे, गुडघे गेलेत तिचे. पण टीव्हीवर स्वदेस लागला की स्वयंपाकघरातनं पदराला हात पुसत बाहेर येते आणि शेवटपर्यंत जागची हलत नाही, त्या म्हातारीच्या घरात बल्ब पेटतो तिथे दरवेळी डोळे पुसते. कितीतरी वर्षं तिचं चाललंय की अरे तो घाट एकदा बघायचाय, तेवढा दाखव. पिक्चरमध्ये ते चरणपूर म्हणून उत्तरेतलं गाव आहे पण शूटिंग झालंय आपल्या वाईच्या जवळ, मेणवलीत, पुण्यातनं दोन-अडीच तास. तरी माझं २००४ पासून जमत नव्हतं, ते आत्ता जमलं.

पहाटे निघालो, खंबाटकी उतरून सुरूरला आत वळलो, वाईत ढोल्या गणपतीचं दर्शन घेतलं आणि साडेआठला नाना फडणवीसांच्या वाड्यामागे घाटाच्या वरच्या पायरीवर उभे. आणि एक पोरगा हातात तो चंदेरी रिफ्लेक्टर घेऊन आडवा आला, म्हणे सर दोन मिनिटं थांबा, फ्रेममध्ये येताय.

दोन मिनिटांची चाळीस मिनिटं झाली. खाली प्रीवेडिंग चाललेलं, मुलीच्या गाऊनची शेपटी पाच-सहा पायऱ्या व्यापून पसरलेली, डोक्यावर ड्रोन घोंघावतोय, त्यात गुलाबी धूर सोडायचे ते डबे, एक शॉट झाला की परत, परत झाला की अजून एकदा, आणि हे एकच जोडपं नाही हां, मागे अजून तीन जोडपी कपडे बदलून रांगेत उभी, प्रत्येकाचे सात-आठ जण, प्रत्येकाचा स्पीकर वेगळा. देवळाच्या दारात स्पीकर!

एक बाई धुण्याची पाटी घेऊन आल्या, गावातल्याच, रोज येत असणार. त्यांना तोच पोरगा म्हणतो, मावशी कपडे नंतर धुवा ना, बॅकग्राऊंडला येतंय. त्या बिचाऱ्या काही न बोलता पाटी घेऊन मागे फिरल्या. माझं टाळकं सटकलं ते तिथे. अरे ज्या पिक्चरमुळे तुला हा घाट माहीत झाला तो पिक्चर कशावर आहे? नासातली नोकरी सोडून एक माणूस गावातल्या माणसांसाठी परत येतो त्यावर आहे ना, आणि तू गावातल्याच बाईला तिच्याच घाटावरनं हाकलतोस, का तर तुझ्या फोटोत साडी नको!

आणि ती घंटा. मेणवलीला जाऊन आलेल्या किती जणांनी ती घंटा नीट बघितलीये मला खरंच जाणून घ्यायचंय. १७३९ ला चिमाजी अप्पांनी वसई घेतली तेव्हा पोर्तुगीजांकडनं आलेली घंटा आहे ती, वाकून बघितलं तर तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ हा आकडा. पोर्तुगीजांच्या चर्चची घंटा कृष्णेच्या काठावर महादेवाच्या देवळाशेजारी टांगलेली आहे, अंगावर काटा येतो बघताना. माझ्या मुलीला तेच दाखवायचं होतं, रस्ताभर सांगत आणलं होतं तिला. तर घंटेच्या त्या दगडी कमानीत यांच्या मेकअपच्या बॅगा, हँगरला लावलेले शेरवानी-लेहंगे, खाली पाण्याच्या बाटल्या. मुलगी म्हणाली बाबा मेरी कुठाय, दिसत नाही. हात लावायला गेलो तर लेहंगा खराब होईल म्हणून ओरडा.

मी विचारलं परवानगी आहे का, तर म्हणे आम्ही पैसे भरलेत. कुणाला भरले? गप्प. पावती दाखव म्हटलं, तर काका तुम्ही मूड खराब करताय. मूड!

आई मात्र माझा शर्ट ओढत होती, राहू दे रे, त्यांचं लग्न आहे, चिडू नकोस. तिने असं म्हटलं की अजून वाईट वाटतं मला, कारण ही बाई आयुष्यभर दुसऱ्याच्या फ्रेममधनं बाजूलाच होत आलीये.

शेवटी मी कुणाला न विचारता तिचा हात धरून खाली उतरायला लागलो. सहावी का सातवी पायरी असेल, त्या धुराच्या डब्यातली गुलाबी भुकटी दगडावर सांडून पाण्याने चिकट झाली होती, आईचा पाय सरकला. मी घट्ट धरलं म्हणून वाचली, नाहीतर त्या वयात खुबा मोडला म्हणजे काय असतं ते घरात कुणाचं झालंय त्यालाच माहीत. ती इतकी घाबरली की म्हणाली बास, चल वर. तिला फक्त कृष्णेत पाय बुडवून दोन मिनिटं बसायचं होतं. पाणी आठ-दहा पायऱ्यांवर राहिलं होतं.

शूटिंगलाच माझा विरोध आहे असं नाही. गंगाजल, दबंग, किती पिक्चर झालेत वाईत, पण मोठं युनिट येतं ते परवानगी काढून येतं, तारखा ठरलेल्या असतात, गावातल्या पोरांना चार दिवस काम मिळतं. हे काय आहे? सुट्टीच्या दिवशी सकाळी, देवदर्शनाच्या वेळेला, ऐन घाटाच्या मधोमध. एक बाजू ठरवून द्या, वेळ ठरवून द्या, धुराचे डबे बंद करा, घंटेपाशी सामान ठेवलं तर दंड लावा आणि ते पैसे घाट धुवायला वापरा. यात अवघड काय आहे कुणी सांगेल का मला?

दिवाळीनंतर परत नेणार आहे आईला, मधल्या वारी, रजा टाकून. आणि या वेळी कुणी फ्रेम म्हणालं तर तिला पाण्यात पाय सोडून बसवणार आणि स्वतः वरच्या पायरीवर मांडी घालून बसणार, ज्याला फोटो काढायचा त्याने आम्हाला धरून काढावा.