पदपथावर पडण्यापूर्वी

सांगलीत पदपथावर पडण्याचा आपला विचार असेल, तर तो पूर्वतयारीशिवाय अमलात आणू नये, असे मी उजवे मनगट प्लास्टरमध्ये असल्यामुळे डाव्या हाताने लिहून सुचवितो.

सर्वप्रथम खिशात मोजपट्टी ठेवावी. रस्तेबांधणीची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पदपथाची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कडेची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर असावी लागते. आपण आडवे झालेलेच असल्याने दोन्ही मापे घेणे सोयीचे जाते.

पावसात पडू नये. पाण्याखालचा खड्डा फोटोत दिसत नाही.

आपण ज्यावर अडखळणार आहोत ती वस्तू कोणाच्या खात्याची आहे, याची आधी खात्री करावी. राम मंदिर चौकाजवळ डुगडुगत्या पेव्हिंग ब्लॉकवरून पडलो, एवढेच सांगायला मी महापालिकेत गेलो, तर बांधकामवाले म्हणाले की ब्लॉक आमचा, पण तो हलला गटाराच्या झाकणामुळे. ड्रेनेजवाले म्हणाले की झाकण सरकले केबलच्या चरामुळे. आणि चर कोणी खणला हे ज्या फाइलीत असते, ती फाइल ज्या साहेबांकडे असते, ते साहेब मीटिंगला गेलेले असतात. तिसऱ्या खेपेला लिपिकाने वहीतून मान वर न काढता विचारले, "काका, खाली बघून चालता येत नाही का?" खाली बघून चालले की दुकानाची पाटी कपाळात बसते, हे त्याला कोण सांगणार? मग फोटो मागितला. मी जागेवर गेलो, तर दोन वर्षे हलणारा ब्लॉक एका रात्रीत सिमेंटने पक्का बसवलेला! तक्रारीची दखल घेतली नाही, असे म्हणायचीही सोय उरली नाही.

हाडापेक्षा तारखा जपाव्यात. महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ४८७ नुसार आधी लेखी नोटीस द्यावी, महिनाभर थांबावे आणि घटनेपासून सहा महिन्यांच्या आत भरपाईचा दावा लावावा. उमेद फार बाळगू नये. राजकोटमध्ये रस्त्याकडेचे झाड कोसळून पादचारी दगावला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये तिथल्या महापालिकेला जबाबदार धरले नव्हते.

पण त्याच न्यायालयाने मे २०२५ मध्ये विनाअडथळा पदपथ हा जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले आहे, आणि ते वाचूनही ज्यांना खुर्चीवरून उठवत नाही, त्यांना आता सरळच सांगतो: एका रात्रीत ब्लॉक बसवता येतो, हे तुम्हीच दाखवून दिले आहे, तेव्हा निधी नाही, माणसे नाहीत, ही रड बंद करा. पदपथावर पाट्या मांडणाऱ्या दुकानदारांनो आणि त्यावर दुचाकी चढवणाऱ्यांनो, तुम्हीही लाजा. बसवलेल्या ब्लॉकच्या शेजारचा ब्लॉक अजून हलतो आहे. त्याभोवती मी खडूने गोल काढून आलो आहे.