मानेवाड्याच्या ताईंना उत्तर: शिकायचं कोणी?

ताई, नमस्कार.

‘चार वर्षांच्या मुलाचं लक्ष टिकत नसेल तर आधी आईबाबांचं प्रशिक्षण’ हे मी मागे लिहिलेलं वाक्य तुम्हाला लागलं. तुम्ही लिहिलंत, “म्हणजे चूक आमचीच. सासूबाई रोज म्हणतात, तूच लाडावून ठेवलं त्याले. आता तुम्हीही तेच म्हणता. मदत माझ्या मुलाला हवी आहे आणि तुम्ही मलाच वर्गात बसवताय. औषध का नाही?”

चूक तुमची नाही. तुम्हाला बरं वाटावं म्हणून हे म्हणत नाही. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार, एडीएचडीच्या (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा, उतावळेपणा) बाबतीत मुलामुलांत दिसणाऱ्या फरकाचा ७० ते ८० टक्के भाग अनुवंशिकतेशी जोडलेला आहे. लाडाने हे होत नाही आणि धपाटे घालून जातही नाही. दम्याच्या लेकराच्या आईला इनहेलर आणि स्पेसर कसा धरायचा ते शिकवतात, तेव्हा दमा तिनं दिला असं कोणी म्हणत नाही. ‘प्रशिक्षण’ हा शब्द मी मागचंपुढचं काही न सांगता टाकला, ही माझी चूक.

आमच्याकडे सकाळी खाली ऑटोवाले काका हॉर्न वाजवायचे आणि मी स्वयंपाकघरातून ओरडायची: बूट घाल, डबा घे, बाटली राहिली, चल लवकर. एका दमात चार कामं. मुलगा एक बूट हातात घेऊन बाल्कनीत खार बघत उभा. मला वाटायचं, मुद्दाम करतो. पालकांच्या प्रशिक्षणाच्या सत्रांमध्ये मला शिकवलं की लांबून ओरडायचं नाही. जवळ जायचं, खांद्यावर हात ठेवायचा, त्याच्या डोळ्यांच्या उंचीला बसायचं आणि एकच शब्द बोलायचा, ‘बूट’. घातला की तिथल्या तिथे, ‘बूट लगेच घातलास!’ संध्याकाळच्या चॉकलेटचा सकाळच्या बुटाशी संबंध या मुलांना लागत नाही. शाबासकी काही सेकंदांत मिळाली तरच ती त्यांच्यापर्यंत पोचते. म्हणून एवढ्या लहान मुलाला आठवड्यातून तासभर समुपदेशकासमोर बसवून फारसं हाती लागत नाही. तो बुटाचा क्षण घरात येतो, आणि त्या वेळी तिथे तुम्ही असता.

तुम्ही म्हणजे एकट्या तुम्ही नाही. माझे यजमान पहिल्या दोन सत्रांना आले नाहीत, तर घरात दोन कायदे झाले आणि पोरगं आणखी गोंधळलं. सासूबाईंनाही एकदा सोबत न्या. आमच्या आजींना मी सांगून जे पटलं नव्हतं, ते डॉक्टरांनी सांगितल्यावर पटलं.

झोपेचंही सांगते. तीन-चार वर्षांच्या मुलाला १० ते १३ तास झोप हवी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आमचा मुलगा मे महिन्यात गच्चीवरून अकराला खाली यायचा आणि सकाळी साडेसातला उठायचा. वेळ नऊवर आणली. चिडचिड बरीच कमी झाली, पण चंचलपणा तसाच राहिला. त्या दिवसापासून मी स्वतःला दोष देणं सोडलं.

आता औषधाचं. ‘सहा वर्षांआधी औषधाचा विषयच नको’ असं मी लिहिलं होतं. ते चुकीचं होतं, आजच दुरुस्त करते. अमेरिकन बालरोग अकादमीची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात की चार-पाच वर्षांच्या मुलासाठी आधी पालकांचं प्रशिक्षण आणि वर्गातले उपाय. त्यानं पुरेसा फरक पडला नाही आणि त्रास मध्यम ते तीव्र असेल, तर मिथाइलफेनिडेट या एडीएचडीच्या औषधाचा विचार करता येतो. हा क्रम असा असण्याला कारण आहे. तीन ते साडेपाच वर्षांच्या मुलांवर अमेरिकेत झालेला मोठा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. औषधानं फायदा झाला, पण मोठ्या मुलांइतका नाही. भूक, झोप, चिडचिड अशा दुष्परिणामांपायी सुमारे ११ टक्के मुलांचं औषध थांबवावं लागलं. त्यातही औषधाआधी पालकांची दहा सत्रं होतीच. तेव्हा औषध मागण्यात लाज नाही. फक्त ते बालमानसोपचारतज्ज्ञ किंवा विकासात्मक बालरोगतज्ज्ञांनी मूल नीट पाहून ठरवायचं, शाळेनं नाही. आमच्या शाळेनं डायरीत लाल पेनानं ‘याला गोळी सुरू करा’ असं लिहून पाठवलं होतं. मी तीन दिवस रडत होते.

शाळेवरून आठवलं. मुलगा शाळेतही तसाच वागतो की फक्त घरी, हे बाईंना नक्की विचारा. निदानासाठी लक्षणं किमान दोन ठिकाणी आणि सहा महिने दिसावी लागतात. त्याची जन्मतारीखही वर्गातल्या इतरांच्या शेजारी ठेवून बघा. तीन नुकतीच पूर्ण झालेलं आणि चार होत आलेलं मूल एकाच नर्सरीत बसतं, आणि वर्गातल्या सगळ्यांत लहान मुलांवर हा शिक्का जास्त बसतो, असं अनेक देशांत दिसलं आहे.

खासगीचा खर्च झेपत नाही असंही तुम्ही लिहिलंत. नागपूरच्या मेडिकलमध्ये, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, बालरोग आणि मानसोपचार असे दोन्ही विभाग आहेत, मिहानला एम्स आहे. मुलगा अंगणवाडीत जात असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा तिथे येतं. एडीएचडी त्यांच्या तपासणीच्या यादीत आहे. सेविकाताईंना पुढची तारीख विचारून ठेवा. पण तो हात सोडवून रस्त्यावर धावत असेल, तर पथकाची वाट बघू नका, याच आठवड्यात ओपीडीत जा.

आणि एक राहिलं. त्याला सारखी सर्दी होते असं तुम्ही लिहिलंत, पण कानांची तपासणी झाली का ते लिहिलं नाहीत. पडद्यामागे पाणी साठलं की मुलाला कमी ऐकू येतं, आणि हाका मारूनही ते वळत नाही. झाली नसेल तर आधी ती करून घ्या, आणि काय निघालं ते मला इथेच कळवा.