स्टिअरिंग जड म्हणजे गाडी खरी? त्या आठ उपायांचा समाचार

'रेसिंग गेम १०० टक्के रिअल करा, पीसी डबल फास्ट करा' असा एक मेसेज सध्या सोलापुरातल्या ग्रुपांवर फिरतोय. जुळे सोलापूर ते अशोक चौक, कुणाचा मोबाईल त्यातून सुटलेला नाही. आठ उपाय, प्रत्येकापुढे आगीचं चित्र, आणि खाली 'आपल्या गेमर मित्राला पाठवा'. माझ्या भाच्याला तो कुणीतरी पाठवला आणि त्याने त्यातले तीन उपाय करूनही टाकले. त्यात प्लग बदलण्याचा उपायही होता, म्हणून हे लिहावं लागतंय.

त्यामुळे आधी सातवा उपाय. 'कॅबिनेटला हात लावल्यावर मुंग्या येत असतील किंवा स्पीकरमध्ये घूं आवाज येत असेल तर तीन पिनचा प्लग काढून दोन पिनचा लावा.'

पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यात, म्हणजे एसएमपीएसमध्ये, वीज शिरते तिथेच एक फिल्टर असतो. त्यातले छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रलकडून कॅबिनेटच्या पत्र्याला जोडलेले असतात. अर्थिंग नीट असेल तर त्यांतून झिरपणारा अगदी थोडा करंट जमिनीत जातो आणि तुम्हाला काही कळत नाही. अर्थिंग तोडलं की पत्रा अधांतरी राहतो आणि त्यावर मेन्सच्या साधारण निम्मे, म्हणजे ११५ च्या आसपास वोल्ट दिसतात. मुंग्या येतात त्या अर्थिंग नसल्यामुळे, आणि उपाय सांगितलाय तो उरलंसुरलं अर्थिंगही काढून टाकण्याचा! एवढ्या मुंग्यांनी माणूस मरत नाही. पण उद्या आत फेजची वायर पत्र्याला टेकली तर अर्थिंगअभावी ना फ्यूज उडेल ना आरसीसीबी (विजेची गळती ओळखून ती तोडणारा स्विच) पडेल. पत्र्यात वीज तशीच उभी राहील, कुणाचा तरी हात लागेपर्यंत. आपल्याकडे रिग, म्हणजे गेमचं स्टिअरिंग आणि पेडल बसवायचा सांगाडा, बनते चौकोनी लोखंडी पाईप वेल्ड करून. पत्र्यावरची वीज यूएसबी केबलच्या जाळीतून स्टिअरिंगपर्यंत आणि तिथून रिगवर येऊ शकते, आणि पेडलवर असतात मे महिन्यातले घामेजलेले अनवाणी पाय.

यात अर्धसत्य एवढंच, की अर्थिंग तोडल्यावर स्पीकरमधला घूं खरंच कधीकधी थांबतो. तो आवाज पीसी आणि स्पीकर वेगवेगळ्या बोर्डांवर असले की दोन अर्थिंगमधल्या फरकातून येतो. दोन्ही एकाच बोर्डावर लावा. तरी राहिला तर स्पीकरच्या ऑडिओ वायरमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर घाला. सॉकेट वायरमनकडून मल्टिमीटरने तपासून घ्या. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३० च्या आसपास, फेज आणि अर्थमध्येही जवळपास तेवढंच, न्यूट्रल आणि अर्थमध्ये एक-दोन वोल्ट असं यायला हवं. फेज-अर्थचा आकडा शंभर-सव्वाशेवर डोलत असेल तर अर्थची वायर मागे कुठेच जोडलेली नाही. जुन्या वाड्यांत आणि चाळींत हे सर्रास आढळतं. अर्थिंगचा खड्डा असलाच तर उन्हाळ्यात कोरडा पडतो, त्यात पाणी ओतावं लागतं.

आता पहिला उपाय, ज्यावर मेसेजवाल्याचा सगळा डोलारा उभा आहे. 'फोर्स फीडबॅक १०० वर ठेवा. स्टिअरिंग जितकं जड तितकी गाडी खरी.'

कसलं काय ओ! फोर्स फीडबॅक म्हणजे गाडीचा जोर गेमच्या स्टिअरिंगमधल्या मोटरने हाताला जाणवून देणं. लॉजिटेक जी२९ या स्टिअरिंगची मोटर जेमतेम २ न्यूटन मीटरच्या आसपास जोर देते. गेमने मोजलेला जोर त्याच्या कितीतरी पट असतो, म्हणून गेम तो आकडा खाली आणून मोटरकडे पाठवतो. किती खाली आणायचा ते 'गेन' नावाचं सेटिंग ठरवतं, मेसेजमधला १०० चा आकडा तोच. समजा, गाडीच्या स्टिअरिंगवर सरळ रस्त्याला १, वेगवान वळणात ७ आणि कर्बवर, म्हणजे ट्रॅकच्या कडेच्या उंचवट्यावर, १० न्यूटन मीटर जोर येतोय. गेन इतका वाढवला की ४ न्यूटन मीटरलाच मोटरची हद्द संपली, तर त्यापुढचं सगळं कापलं जातं. ७ आला तरी मोटर पूर्ण जोरात, १० आला तरी तेवढ्याच जोरात. याला क्लिपिंग म्हणतात. गड्ड्याच्या यात्रेत आवाज पूर्ण चढवून फाटलेला लाऊडस्पीकर ऐकला असेल, आवाज मोठा असतो पण शब्द एक कळत नाही. इथे तसंच होतं.

कापलं जातं ते नेमकं काय, तर गाडी खरी वाटायला जे लागतं तेच. वळणात पुढचे टायर स्टिअरिंगला सरळ करू पाहतात. टायरची पकड शेवटाला येऊ लागली की हा सरळ करणारा जोर आधी उतरतो आणि पकड नंतर सुटते. म्हणजे गाडी बाहेर सरकण्याच्या क्षणभर आधी स्टिअरिंग हातात किंचित हलकं पडतं. चालकाला टायरकडून मिळणारी ती सर्वात मोलाची खबर. क्लिपिंगमध्ये जोर ७ वरून ५.५ वर उतरला तरी मोटर अजून हद्दीवरच असते, त्यामुळे हाताला काहीच कळत नाही. मग पोरं म्हणतात, 'गेममध्ये गाडी अचानकच घसरते, ओ.' गाडीने सांगितलेलं असतं, १०० वरच्या गेनने ते दाबून टाकलेलं असतं.

हे तपासायला माझ्या शब्दावर विश्वास ठेवायची गरज नाही. असेटो कोर्सा या रेसिंग गेममध्ये कडेच्या पट्टीतून पेडल्सचं छोटं अ‍ॅप उघडा. त्यात क्लच, ब्रेक, अ‍ॅक्सिलरेटरच्या शेजारी फोर्स फीडबॅकचाही एक पट्टा असतो. जीटी३ गाडी (स्पोर्ट्स कारवरून बनवलेली रेसची गाडी) घेऊन लांब, वेगवान वळणात जा. पट्टा लाल झाला आणि वळणभर लालच राहिला, तर क्लिपिंग आहे. नमपॅडवरच्या वजाच्या बटणाने त्या गाडीचा गेन कमी करत जा, वळणात लाल दिसायचं थांबेपर्यंत. कर्बवर किंवा खड्ड्यात क्षणभर लाल चमकला तर चालतं, तेवढं सोडून द्या. प्रत्येक गाडीचा आकडा वेगळा येईल, तो गाडीगणिक जपला जातो. आयरेसिंग या गेममध्ये यासाठी ऑटो बटण आहे. दोन-चार लॅप मारा, मग ते दाबा.

पुढच्या गोष्टीही लगेच उरकून घ्या. लॉजिटेकच्या जी हब सॉफ्टवेअरमध्ये सेंटरिंग स्प्रिंग बंद आणि रेंज ९०० अंश. गेममध्ये कर्ब, रोड आणि स्लिप इफेक्ट शून्यावर किंवा फार तर ५-१० वर, कारण ती वरून चिकटवलेली थरथर आहे, टायरमधून आलेली नव्हे. एन्हान्स्ड अंडरस्टिअर बंद. गिअरवाल्या स्टिअरिंगला मधोमध एक मेलेला पट्टा असतो, तिथे हलका जोर पोचतच नाही. त्यासाठी मिनिमम फोर्स ० पासून एकेक टक्क्याने वाढवा. सरळ रस्त्यावर हात सोडल्यावर स्टिअरिंग स्वतःहून डुलायला लागलं की दोन टक्के मागे या.

मेसेजवाल्याला एक गोष्ट द्यावी लागेल. सगळ्याच रेसच्या गाड्यांचं स्टिअरिंग हलकं नसतं. अमेरिकेतल्या इंडिकार रेसच्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही आणि ती चालवताना खांदे भरून येतात. पण जीटी३ ला पॉवर स्टिअरिंग असतं, फॉर्म्युला वनलाही असतं, आणि हा मेसेज वाचणारे चालवतात बहुतेक याच गाड्या. शिवाय हा मेसेज डायरेक्ट ड्राइव्ह, म्हणजे थेट मोटरवरच बसवलेलं स्टिअरिंग, घेणाऱ्यांकडेही जातोय. फॅनाटेक सीएसएल डीडी बूस्ट किटसह ८ न्यूटन मीटर देतं, लॉजिटेकचं प्रो व्हील ११. यांच्यावर १०० टक्के ठेवून भिंतीला धडकलात तर स्टिअरिंगच्या दांड्यांत अडकवलेला अंगठा मुरगळतो. घरात लहान मूल खेळणार असेल तर ड्रायव्हरमधूनच जोर निम्म्याखाली आणा आणि अंगठे दांड्यांच्या आत अडकवायचे नाहीत हे पहिल्या दिवशीच शिकवा.

दुसरा उपाय 'सगळे असिस्ट बंद करा'. असिस्ट म्हणजे गेमने चालकाला केलेली मदत. उपाय निम्मा बरोबर. रस्त्यावर रंगीत रेषा दाखवणारं असिस्ट आणि स्टॅबिलिटी कंट्रोल खुशाल बंद करा. पण खऱ्या जीटी३ गाडीत एबीएस आणि ट्रॅक्शन कंट्रोल कारखान्यातूनच येतात, चालक ते लॅपमध्ये कमीजास्त करत असतो. तिथे ते बंद करणं म्हणजे गाडी खोटी करणं. फॉर्म्युला वनमध्ये एबीएस १९९४ पासून आणि ट्रॅक्शन कंट्रोल २००८ पासून बंद आहे, तिथे जरूर बंद ठेवा.

तिसरा, 'फील्ड ऑफ व्ह्यू ९० करा, वेग जाणवतो.' फील्ड ऑफ व्ह्यू म्हणजे पडद्यावर किती अंशांतलं दृश्य दिसतं तो कोन. वेग जाणवतो, अंतर मात्र चुकतं. वळण आहे त्याहून लांब दिसतं आणि ब्रेक उशिरा लागतो. २४ इंची मॉनिटर सुमारे ३० सेंटिमीटर उंच असतो. डोळ्यापासून ६० सेंटिमीटरवर असेल तर उभा कोन येतो २८ अंश, ४५ सेंटिमीटरवर आणला तर ३७. असेटो कोर्सा उभाच कोन मागतो, म्हणून तिथे ९० टाकलं की अगदीच तमाशा होतो. २८ मध्ये आरसे दिसत नाहीत हे खरं, त्यामुळे बरेच जण ३५-४० वर तडजोड करतात. त्यापेक्षा मॉनिटर स्टिअरिंगच्या मागे अगदी जवळ ओढा, त्याला खर्च शून्य.

चौथा म्हणजे 'माणसाचा डोळा ३० एफपीएसच्या वर पाहूच शकत नाही, बाकी कंपन्यांची लूट.' हे वाक्य कधीचं मरायला हवं होतं. एफपीएस म्हणजे सेकंदाला पडद्यावर येणाऱ्या चित्रांची, म्हणजे फ्रेमची, संख्या. एमआयटीच्या मेरी पॉटर आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना एकामागून एक चित्रं दाखवली, प्रत्येक फक्त १३ मिलिसेकंद. म्हणजे सेकंदाला सुमारे ७५ चित्रांचा वेग. त्यातूनही सांगितलेलं चित्र येऊन गेलं की नाही, हे लोक निव्वळ अंदाजापेक्षा जास्त वेळा बरोबर ओळखत होते. सिनेमा २४ फ्रेमवर चालतो कारण त्यात हालचाल पुसट झालेली असते आणि प्रेक्षकाच्या हातात स्टिअरिंग नसतं. २५० किलोमीटर वेगात ३० एफपीएसला दोन फ्रेमच्या मध्ये गाडी २.३ मीटर पुढे जाते, ६० ला १.१६ आणि १४४ ला अर्ध्या मीटरहून कमी.

गंमत म्हणजे कमी एफपीएसने गाडीचं भौतिकशास्त्र बिघडत नाही. असेटो कोर्सा ते सेकंदाला ३३३ वेळा मोजतो, आयरेसिंग ३६० वेळा, बीमएनजी हा गेम २,००० वेळा, पडद्यावर काहीही होवो. उशीर होतो तो तुमच्यापर्यंत पोचायला. म्हणून ९० आणि ४५ मध्ये झोके घेणाऱ्या फ्रेमपेक्षा ६० ला बांधलेली फ्रेम चांगली. सावल्या, आरशांचा दर्जा आणि प्रतिबिंबं आधी कमी करा. असेटो कोर्सामध्ये 'सीपीयू ऑक्युपन्सी' ९९ टक्क्यांवर गेल्याची सूचना आली तर ग्राफिक्सला हात लावू नका, संगणकाने चालवायच्या गाड्या २० वरून १२ वर आणा.

पाचवा, विंडोजच्या एमएसकॉन्फिग या सेटिंगच्या खिडकीत प्रोसेसरची संख्या 'वाढवणं'. तो खाना मर्यादा घालण्यासाठी आहे. टिक नसेल तेव्हा विंडोज सगळे कोअर वापरतंच. शेजारच्या मॅक्झिमम मेमरीला चुकून टिक केली तर उलट रॅम कमी दिसू लागते. दोन्ही टिका काढा, रीस्टार्ट करा, विषय संपला. खरा फायदा हवा तर १६ जीबीची एक पट्टी घेण्याऐवजी ८-८ च्या दोन घ्या आणि बायोसमध्ये (पीसी सुरू होताना उघडणाऱ्या सेटिंगमध्ये) एक्सएमपी, म्हणजे रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारं सेटिंग, चालू करा, नाहीतर ३२०० ची रॅम त्याहून कमी वेगावर पडून राहते.

सहावा उपाय खास सोलापुरी आहे. 'प्रोसेसर ७० अंशावर जळतो, म्हणून बाजूचं झाकण काढून समोर कूलर लावा.' इंटेलच्या स्वतःच्या माहितीपत्रकात आय५-१२४००एफ ची मर्यादा १०० अंश आहे, एनव्हिडियाने आरटीएक्स ३०६० या ग्राफिक्स कार्डाची ९३ दिली आहे. ७० म्हणजे निवांत. बाहेर ४२-४३ असताना खोली हिवाळ्यापेक्षा १२-१३ अंशांनी तापलेली असते, आणि आतले आकडेही साधारण तेवढेच वर सरकतात. झाकण काढल्यावर तापमान पाच-सात अंशांनी उतरतं हेही खरं, पण त्याचा अर्थ पुढून हवा आत येत नाहीये एवढाच. पुढे १२० मिलिमीटरचे दोन पंखे हवा आत ओढणारे, मागे एक बाहेर फेकणारा, आणि मग झाकण बंद. कूलर खिडकीत लावून खोली थंड करा, कोरड्या हवेत तो उत्तम चालतो. उघड्या बोर्डावर त्याचे तुषार मात्र नकोत, आपलं बोअरचं पाणी सुकल्यावर मागे काय पांढरं ठेवतं ते नळाच्या तोटीवर बघा. पूर्व भागात यंत्रमागाजवळ घर असेल तर सुताचे तंतू हीटसिंकमध्ये नमद्यासारखे बसतात, तिथे फिल्टर पंधरवड्याला झाडा. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. एवढं करूनही कार्ड तापत असेल तर आफ्टरबर्नर या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के करा. ३०६० चे १७० वॉट १३६ वर येतात आणि फ्रेम फारशा पडत नाहीत.

आठवा उपाय म्हणजे शेवटची लिंक, 'गेम बूस्टर, आधी अँटिव्हायरस बंद करा.' आधी अँटिव्हायरस बंद करायला कोण सांगतं याचा विचार करा. चालवून बसला असाल तर इंटरनेट तोडा, विंडोज सिक्युरिटीतून डिफेंडरचा ऑफलाइन स्कॅन लावा, आणि स्टीम, ईमेल, बँकेचे पासवर्ड त्या पीसीवरून नको, दुसऱ्या फोनवरून बदला.