शाळेकडे कायम निधी आहे, मग देणगी कशाला? – एक खुलासा

‘शाळेच्या नावावर एवढा मोठा निधी पडून आहे, तरी दरवर्षी पालकांपुढे हात पसरतात,’ असा मेसेज सध्या फिरतोय. आकडा खरा असेलही, पण त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे.

कायम निधी म्हणजे चालू खातं नव्हे. मुद्दलाला हात लावायचा नाही, या अटीवरच तो सहसा दिलेला असतो. मुद्दल गुंतवून ठेवायचं आणि वर्षाला साधारण ४ ते ५ टक्के खर्चाला काढायचे, अशी अनेक संस्थांची पद्धत. त्यातही कुणी शिष्यवृत्तीसाठी दिलेले, कुणी ग्रंथालयासाठी. ग्रंथालयाच्या पैशांतून पगार भागवणं म्हणजे देणगीदाराचा सरळ विश्वासघात. वार्षिक देणगी मागतात ती फी आणि प्रत्यक्ष खर्च यांतली तूट भरायला, आणि ती बहुधा त्याच वर्षी खर्ची पडते.

बाकी देणगी ऐच्छिकच. सक्तीने घेतली तर ती फीच झाली, नाव काहीही द्या.

तरी शंका असेल तर लेखापरीक्षण झालेला ताळेबंद मागा. अटी असलेला निधी कुठला आणि मोकळा कुठला, ते विचारा. सांगायला शाळा का-कू करत असेल, तर मात्र संशय घ्यायला माझी हरकत नाही.