दिवाही लागतो, ब्रेकही लागतो

"ब्रेक लागतात ना? मग झालं तर!" आमच्या व्हॅनच्या मीटरवर एबीएसचा पिवळा दिवा पेटल्यापासून रत्नागिरीतल्या निम्म्या लोकांनी मला हे वाक्य ऐकवलं. उरलेल्या निम्म्यांनी "एबीएस म्हणजे काय रे?" असं विचारलं, आणि मी सांगायला तोंड उघडलं की मध्येच तोडून म्हणाले, "ते असू दे, ब्रेक लागतात ना?"

लागत होते. तीच तर पंचाईत होती. एबीएस झोपलं तरी साधे ब्रेक शाबूत असतात. फक्त आंबा घाटातल्या ओल्या वळणावर समोर म्हैस आली आणि करकचून ब्रेक दाबला, तर चाकं जागच्या जागी लॉक होतात, आणि मग स्टिअरिंग कितीही फिरवा, गाडी आपली सरळ म्हशीकडेच जाते. एबीएस, म्हणजे अँटी-लॉक ब्रेकिंग सिस्टिम, हे होऊ देत नाही. प्रत्येक चाकापाशी एक सेन्सर असतो, तो एका दातेरी रिंगवरून चाकाचा वेग मोजतो, आणि एखादं चाक बाकीच्यांआधी थांबायला निघालं की कॉम्प्युटर तेवढ्याच चाकाचा ब्रेक सेकंदाला कित्येकदा सोडतो-धरतो. हे मी टपरीवर बशी आणि चार बिस्किटं मांडून समजावलंसुद्धा. लोकांनी बिस्किटं खाल्ली. (पिवळ्याच्या जोडीला ब्रेकचा लाल दिवाही पेटला, तर मात्र गाडी हलवू नये. ते प्रकरण वेगळं आणि वाईट.)

व्हॅन सात माणसांची. म्हणजे कागदोपत्री. गणपतीत कुवारबावच्या स्टेशनवरून चाकरमानी आणताना त्या सातात किती माणसं, फणस आणि बॅगा बसतात, हे आरटीओला न सांगितलेलं बरं. अप्पांनी ती सेकंडहँड घेतली होती, 2012 चं टॉप मॉडेल. तेव्हा बऱ्याच गाड्यांत एबीएस वरच्या मॉडेललाच मिळायचं; सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं ते एप्रिल 2019 पासून. त्यामुळे अप्पांचं म्हणणं एकच. "त्याचे जादा पैसे मोजलेत मी. चाललंच पाहिजे." त्यांचा मुद्दा सुरक्षेचा नव्हता, वसुलीचा होता.

पहिला इलाज मेहुण्याने सांगितला. बॅटरीची निगेटिव्ह काढायची, चहा घ्यायचा, परत लावायची. दिवा गेला. मेहुणा छाती काढून निघाला, आणि मारुती मंदिरच्या सर्कलपर्यंत पोचायच्या आत दिवा परत हजर. नीट बघितल्यावर लक्षात आलं, की चावी फिरवल्यावर तो शहाण्यासारखा विझतो आणि गाडीने वीसेक किलोमीटरचा वेग घेतला की पेटतो. चाकं फिरायला लागल्यावर कॉम्प्युटर चारही सेन्सरची हजेरी घेतो, आणि कुणीतरी एक दांडी मारत होता.

दुसरा इलाज भाच्याने पुण्याहून कुरिअर केला. सातशे रुपयांचं ब्लूटूथचं यंत्र, स्टिअरिंगखालच्या सॉकेटात खुपसायचं आणि मोबाइलवर बघायचं. त्याने इंजिनाबद्दल इतकी माहिती दिली की मला इंजिनाची काळजी वाटायला लागली. एबीएसबद्दल मात्र अवाक्षर नाही. असली स्वस्त यंत्रं बहुतेक इंजिनाच्याच बिघाडाचे कोड वाचतात. एबीएसच्या कपाटाची किल्ली त्यांच्याकडे नसते.

तिसरा इलाज मिरजोळे एमआयडीसीतल्या मिस्त्रीचा. त्याने दिव्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, बल्ब काढून टाकू?" मी दचकलो. त्याला वाटलं, मला हे काम कच्चं वाटलं. म्हणून त्याने उंची माल काढला. "नायतर असं करू. ह्या दिव्याची वायर ऑइलच्या दिव्याला जोडू. चावी फिरवली की दोघे लागतील, स्टार्ट केली की दोघे जातील. पासिंगला कोणाच्या बापाला कळायचं नाय." एवढी बुद्धी त्याने दिवा विझवण्याऐवजी बिघाड शोधण्यात घातली असती, तर पुढचा सगळा मजकूर मला लिहावा लागला नसता.

मग कोल्हापूर. सर्व्हिस सेंटर. तिथे गाडी आत जाते, आपण काचेबाहेर कॉफी पितो, आणि टाय लावलेला एक मुलगा टॅबलेट घेऊन येतो.

"सर, पुढच्या डाव्या चाकाच्या सेन्सरचा कोड आहे."

"मग सेन्सर बदला."

"सुटा नाही लावत सर आम्ही. हब असेंब्ली येते."

"मग ती लावा."

"एक साइड केली की दुसरी पण रेकमेंड करतो सर. आणि तरी नाही गेलं, तर मॉड्यूल, म्हणजे एबीएसचा कॉम्प्युटर."

"आणि तरी नाही गेलं तर?"

"नाही सर, मॉड्यूलने जातं."

एस्टिमेट निघालं 71 हजार 400 रुपये. गाडी विकायला काढली असती, तर याच्या दुपटीने आली असती का, याची शंका होती. "सेफ्टी आहे ना सर," तो मुलगा म्हणाला. या वाक्याला उत्तर नसतं. पेशंटच्या नातेवाइकाला पण हेच सांगतात.

खरं तर कोड एवढंच सांगत होता, की डाव्या पुढच्या चाकाकडून निरोप येत नाही. सेन्सर मेलाय, वायर तुटलीय, की प्लगात पाणी शिरलंय, हे कोडला ठाऊक नसतं. ते माणसाने वाकून बघायचं असतं. पण वाकण्याचा रेट कुणाच्या एस्टिमेटमध्ये नसतो.

वाकणारा माणूस शेवटी मांडवीला सापडला. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारे एक चाचा. दुकान म्हणजे पत्र्याखाली एक बाकडं, त्यावर सोल्डरिंग आयर्न आणि रबरबँडने बांधलेला मल्टिमीटर. त्यांनी स्कॅनर मागितला नाही, एस्टिमेट दिलं नाही. फक्त विचारलं, "गाडी रात्री कुठं असते?" म्हटलं, घरासमोर, समुद्राकडे तोंड करून. "हां," ते म्हणाले, जणू निम्मा आजार तिथेच कळला.

आधी त्यांनी उजव्या चाकाचा प्लग सोडवला आणि मीटरच्या काड्या लावल्या. 1.1 किलो-ओहम. या जातीच्या सेन्सरच्या पोटात लोहचुंबक आणि तारेचं वेटोळं असतं, त्याला हजाराच्या आसपास ओहम दाखवायलाच हवेत. मग डावा. मीटरच्या डाव्या कोपऱ्यात नुसता एकटा 1, म्हणजे रस्ता बंद. मी म्हटलं, "म्हणजे सेन्सर गेला." चाचांनी ऐकलं न ऐकलंसं केलं. "स्टिअरिंग फुल मारा." मी मारलं. 1.1. "आता उलटं." परत 1.

सेन्सर ठणठणीत होता. शॉकअपच्या बाजूने वायर वर जाते, तिथे रबराच्या बुशात ती प्रत्येक वळणावर मुडपते. चाचांनी बुश सरकवून चिमटीत धरून दाखवली. आमच्याकडच्या एकत्र कुटुंबासारखी होती: बाहेरून अखंड, आत केव्हाच वाटण्या झालेल्या. त्यांनी तेवढा तुकडा कापला, नवी मऊ वायर डाग देऊन जोडली, वरून आवळणारी नळी चढवली आणि मुडपायला सैलसर जागा ठेवली. मग मीटर एसी व्होल्टवर टाकून चाक हाताने गरकन फिरवलं. आकडे शंभरएक मिलिव्होल्टपर्यंत नाचले, म्हणजे सेन्सरचा निरोप यायला लागला. दिवा गेला. मारुती मंदिर गेलं, साळवी स्टॉप गेला, दिवा नाही. अप्पांनी मागच्या सीटवरून घोषणा केली, "वसूल!"

आणि पहिल्याच सिग्नलला गाडी अगदी थांबता थांबता पेडल पायाखाली थरथरलं. कर्रर्र. "आता काय मोडलंस?" अप्पा.

पुन्हा चाचा. ते चक्क हसले. इतके महिने एबीएस रजेवर होतं, तेवढ्यात दुसऱ्या बाजूला गंजाने आपलं काम केलं होतं. ड्राइव्ह शाफ्टवर, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्यावर, ती दातेरी रिंग घट्ट बसवलेली असते. शाफ्टला गंज चढला की तो फुगतो आणि रिंग तडकते. त्या तड्यापाशी दातांमधलं अंतर चुकतं. सेन्सरला वाटतं चाक अडकलं, आणि कॉम्प्युटर बिचारा काहीच कारण नसताना ब्रेक सोडतो. तेही हळू वेगात, ऐन थांबताना. टॉर्च मारून चाचांनी माझं नख त्या तड्यावरून फिरवलं. केसाएवढा. म्हणजे एबीएस दुरुस्त झालं म्हणून बिघडलं होतं.

कंपनीत रिंग सुटी मिळत नाही, हे सांगायला नकोच. शाफ्ट असेंब्ली. बाहेर मात्र रिंग साडेसहाशेला मागवता येत होती, अट एकच, दात तंतोतंत तेवढेच हवेत. एक जरी कमी-जास्त झाला तर ते चाक इतरांपेक्षा वेगळ्या वेगाने पळतंय असा कॉम्प्युटरचा कायमचा समज होतो. मी मोजले, 47. अप्पांनी मोजले, 49. "बँकेत काम करतोस ना तू?" शेवटी हिने खाली येऊन एका दाताला नेलपेंट लावलं आणि मोजून सांगितलं, 48. चाचांनी कान पकडून 48 मान्य केले.

रिंग आली. ती थंड असताना शाफ्टवर जात नाही, आणि हातोडी मारली तर नवीच तडकते. "गरम करायला लागेल," चाचा म्हणाले. गणपतीच्या आदल्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात एका शेगडीवर मोदकपात्र आणि दुसरीवर, हिच्या जुन्या बिडाच्या तव्यावर, एबीएसची रिंग असा देखावा होता. "हा तवा आता परत आत यायचा नाही," ही म्हणाली. चाचांनी तारेच्या ब्रशने शाफ्ट लख्ख घासून ठेवला होता. मी सांडशीत रिंग धरून अंगणात पळालो, त्यांनी ती अलगद सोडली, टक्क असा आवाज करून ती बसली, आणि निवता निवता आवळली गेली.

एमआयडीसीमागच्या मोकळ्या ओल्या रस्त्यावर चाळीसच्या वेगात मी ब्रेक दाबला. पेडल थरथरलं, गाडी सरळ रेषेत थांबली. "परत बिघडली!" अप्पा ओरडले. त्यांना समजावलं, की जोरात दाबल्यावर थरथरायलाच हवं, हळू थांबताना थरथरायला नको. "म्हणजे एकच गोष्ट कधी बिघाड आणि कधी सोय?" ते म्हणाले. "सरकारी खातं आहे का हे?"

चाचांनी दोन्ही कामांचे मिळून नऊशे रुपये घेतले, वर बायकोला तव्याबद्दल सॉरी सांगायला सांगितलं. गणपतीत कोल्हापूरहून फोन आला तो हिनेच उचलला. "मॅडम, तुमचं एबीएसचं एस्टिमेट पेंडिंग आहे. फेस्टिव्ह ऑफर आहे, लेबरवर दहा टक्के ऑफ."

"नको हो," ही म्हणाली, "आमच्याकडे ते तव्यावर होतं."