‘चाश्निकी’वरच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. तुमची प्रतिक्रिया तीनदा वाचली. जॉर्जियन ‘चाश्निकी’ हा शब्द पर्शियनमधून आला, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुम्ही म्हणता, “हा शब्द आपल्या ‘चाखणे’वरून गेला, हे शेंबड्या पोरालाही कळेल. तो पर्शियन चष्मा उतरवा.” मत वेगळं असू द्या. पण ही भाषा कशासाठी? आठ वर्षं लिहितोय, वाचकाशी असं मी एकदाही बोललेलो नाही.

एक चूक कबूल. रोजच्या जॉर्जियनमध्ये चवीला ‘गेमो’ म्हणतात. चाश्निकी म्हणजे चाखून पाहणं, चाखायला काढलेली वाइन. मी सरसकट ‘चव’ लिहिलं होतं, ते सुधारलंय.

आता ‘चाखणे’. त्यातला ‘णे’ हा आपला क्रियापदाचा प्रत्यय. प्राकृतात नुसतं ‘चक्खइ’ आहे, तिथे न नाही की ण नाही. मग चाश्निकीत ‘न’ कुठून आला? आणि ‘क’? शेवटची ‘ई’ जॉर्जियन विभक्तीची, ती काढली की उरतं ‘चाश्निक’. इराणातल्या सासानी राजवटीच्या (इ.स. २२४ ते ६५१) पहलवीत, म्हणजे फारसीच्या आधीच्या रूपात, ‘चाश्नीक’ होतं, अर्थ चव, नमुना. पुढे फारसीत ‘क’ गळून ‘चाश्नी’ झालं. जॉर्जियनने तो ‘क’ सांभाळलाय, म्हणजे उसनवारी जुन्या रूपाची. फालुद्याचंही तेच: पहलवी ‘पालूदग’, फारसी ‘पालूदा’, पण अरबीत ‘फालूधज’. शेवटच्या ‘ग’चं शेपूट अरबीने ‘ज’ म्हणून जपलं. यात चष्मा कुठे आला?

आणि चष्म्याचंच काढलंत म्हणून सांगतो. माझे आजोबा इंदूरला सराफ्यात कारागीर होते. दागिन्यासाठी दिलेल्या सोन्यातला तुकडा गिऱ्हाईक तयार दागिन्याशी ताडून पाहायला आपल्यापाशी ठेवी, त्याला ते ‘चाशनी’ म्हणत. घरात साखरेच्या पाकालाही चाशनीच. सोनं आणि पाक एकाच नावाचे कसे, हे कोडं मी लहानपणापासून बाळगून होतो. जॉर्जियातल्या काखेती प्रांतात जमिनीत पुरलेल्या क्वेव्रीतून, त्या मातीच्या रांजणातून, यजमानाने घोटभर वाइन काढली आणि ‘चाश्निकी’ म्हणत पुढे केली, तेव्हा ते सुटलं. सोनं असो, पाक असो की वाइन, नमुना घ्यायचा, पारखायचा. तुम्ही कुठे ऐकलात हा शब्द?

‘संस्कृत सगळ्यांची जननी’ वगैरेवर वेळ घालवत नाही. जॉर्जियन कार्तवेली या वेगळ्याच भाषाकुळातली आहे, संस्कृतच्या कुळातली नाही, एवढं पुरे.

‘न’ आणि ‘क’ची उत्तरं असतील तर अवश्य लिहा, मी ती वर लावीन. पुन्हा शेंबडं पोर आलं, तर प्रतिक्रिया काढून टाकीन.